फॉन्ट विकत घेतला होता, मग फाईल का उघडत नाही? मराठी संगणकाच्या लायसन्सचा छोटा इतिहास

पेट झाली आहे, कोर्सवर्क सुरू व्हायचं आहे आणि विषय अजून 'ठरतोय', अशा अवस्थेत असलेल्यांसाठी हा लेख आहे. मी एम.एस्सी. संगणकशास्त्र करून पीएचडीला आले. विषय मात्र प्रोग्रामिंगचा नाही, प्रोग्रामच्या इतिहासाचा आहे. मराठी अक्षरं संगणकावर कशी आली आणि त्यांच्यावर हक्क कोणाचा राहिला, हे मी शोधते. 'हा काय सायन्सचा विषय झाला का?' असं दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर एकदा नीट लिहून टाकते.

आधी एक प्रयोग करून बघा. शोधगंगेवर जाऊन २०००च्या दशकातला एखादा मराठी प्रबंध उघडा. पानं स्कॅन केलेली नकोत, टाइप केलेलीच हवीत. पडद्यावर मजकूर छान दिसेल. आता त्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. बऱ्याचदा हाती येतात ती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, असला कचरा. त्या पीडीएफमध्ये 'शेतकरी' हा शब्द शोधा, तर निकाल शून्य. डोळ्यांना मराठी दिसतंय, पण संगणकाच्या लेखी त्या फाईलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे या जिल्ह्याचं पहिलं दशक नेमकं अशा फाईलींचं दशक आहे. सप्ताहाच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, एम.फिल.चे प्रबंध. छापील प्रत कोणाच्या तरी माळ्यावर असेल. पण मूळ फाईल सापडलीच, तर ती वाचायला तोच फॉन्ट लागतो. फॉन्ट वापरायला परवाना लागतो. आणि परवाना ज्याच्या नावावर होता तो डीटीपीवाला आता मोबाईल रिपेअरिंग करतो.

याचं नेहमीचं उत्तर मिळतं, 'तेव्हा युनिकोड नव्हतं ना!' हे अर्धं उत्तर झालं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' हे भारतीय लिप्यांसाठीचं प्रमाणही जाहीर केलं. त्याचा क्रमांक आयएस १३१९४. प्रमाण हाताशी असूनही पुढची पंधरा-वीस वर्षं आपण प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या कोडमध्ये का लिहीत राहिलो? उरलेलं अर्धं उत्तर बाजारात, कायद्यात आणि लायसन्समध्ये आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, एखादा मजकूर वीस वर्षांनी कोणाला वाचता येईल, हे बऱ्याच अंशी तो लिहिण्याआधीच लायसन्सने ठरवलेलं असतं.

खिळ्यांचा व्यवहार

सुरुवात छापखान्यापासून करू, म्हणजे फरक लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजी यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचा देवनागरी टाइप देशभर नावाजला गेला. आता कल्पना करा, दुसऱ्या गावच्या छापखान्याने असा टाइप विकत घेतला. व्यवहार कसा होता? पैसे दिले, शिशाचे खिळे आले. खिळे तुमचे. जुळाऱ्याने ते जुळवून पंचांग छापावं, गाथा छापावी किंवा सरकारविरोधी पत्रक छापावं, ओतणाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. झिजले तर वितळवा, नको असतील तर दुसऱ्याला विका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तक छापून झालं की ते वाचायला खिळ्यांची गरज उरत नसे. ओतकाम बंद पडलं म्हणून कोणाचं पुस्तक कोरं झालं नाही.

संगणकावर हे दोन्ही बदललं. फॉन्ट ही वस्तू राहिली नाही, ती फाईल झाली. फाईलची प्रत फुकटात निघते, म्हणून विकणाऱ्याला कायद्याचा आधार हवा. आणि मजकूर त्या फॉन्टच्या कोडमध्येच साठवला गेला, म्हणून वाचणाऱ्यालाही तो फॉन्ट हवा. विकणाऱ्याची गरज आणि वाचणाऱ्याची गरज इथे समोरासमोर आली.

प्रोग्राम कायद्यात कधी शिरला?

सुरुवातीच्या काळात सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नव्हती. ते यंत्राबरोबर यायचं. जून १९६९मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी लावायचं जाहीर केलं. एकदा वेगळी किंमत आली की 'हे कोणाचं?' हा प्रश्न आलाच.

भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यात संगणकाचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं. १९८४च्या दुरुस्तीने 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणक प्रोग्राम घातला. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि कोड एका रांगेत बसले. लिहिला त्या क्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरही अनेक दशकं. त्या वेळी ती ५० वर्षं होती, १९९२च्या दुरुस्तीने ६० झाली. ज्या प्रोग्रामचं आयुष्य जेमतेम दहा वर्षांचं, त्याच्यावरचा हक्क लेखकाच्या नातवंडांपर्यंत चालणार! हा विरोधाभास पुढे लक्षात ठेवा.

१९९४ची दुरुस्ती १० मे १९९५पासून लागू झाली. तिने 'संगणक प्रोग्राम'ची स्वतंत्र व्याख्या दिली आणि कलम ६३बी आणलं. प्रोग्रामची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून फक्त ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. वाक्य पुन्हा वाचा. विकणं दूरच राहिलं, नुसतं वापरणंही गुन्ह्यात आलं. हॉस्टेलमध्ये पेनड्राइव्हवरून फिरणारं 'क्रॅक' केलेलं सांख्यिकीचं पॅकेज याच कलमात येतं.

पण आपण 'सॉफ्टवेअर विकत घेतलं' म्हणतो तेव्हा नेमकं काय घेतो? यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचावेत असं मी सुचवेन. नोव्हेंबर २००४मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ठरवलं की डब्यातून विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, त्यावर विक्रीकर लागतो. मार्च २०२१मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्सच्या खटल्यात न्यायालयाने आयकराच्या अंगाने स्पष्ट केलं की वापरकर्त्याला मिळते ती प्रत वापरण्याची मुभा, कॉपीराइटमधला हिस्सा नव्हे. दोन्ही मिळून माझ्या भाषेत: डबा तुमचा, आतला हक्क त्यांचा. खिळ्यांच्या काळी असा फरक करायची वेळ छापखानदारावर आली नव्हती.

प्रमाण सरकारी, अक्षर खासगी

आता मराठीकडे येऊ. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं महत्त्वाचं काम १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये झालं. ते 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाच्या आत बसवायचं एक कार्ड. ते बसवलं की डॉसवर देवनागरी दिसायची. त्याच्या मुळाशी इस्कीची कल्पना होती. फाईलमध्ये फक्त मूळ वर्ण साठवायचे, आणि जोडाक्षर कसं दिसेल ते दाखवणाऱ्या यंत्रणेने ठरवायचं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. दिसणं वेगळं, साठवणं वेगळं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

मग गाडं कुठे अडलं? १९९०च्या दशकात डीटीपीचा धंदा विंडोजवर आला, पेजमेकर आणि कोरलड्रॉवर. या प्रोग्रामना देवनागरीची जोडणी कळत नव्हती. त्यांना एवढंच कळायचं की अमुक क्रमांकावर अमुक चित्र आहे. मग फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. इथे काना, तिथे अर्धा 'त', पलीकडे रफार. फॉन्टमध्ये जागा जास्तीत जास्त २५६, त्यातल्याही सगळ्या वापरता येत नाहीत. मराठीला लागणारे तुकडे त्यात कोंबायचे, म्हणजे कोणता तुकडा कुठे ठेवायचा ही ज्याची त्याची कसरत. सी-डॅकची मांडणी वेगळी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, कृतिदेवची वेगळी. एका फॉन्टमधलं 'गाव' दुसऱ्या फॉन्टमध्ये काहीतरी भलतंच.

इथपर्यंतची गोष्ट तांत्रिक आहे. या मांडण्या एकमेकींपासून दूर का राहिल्या, हा प्रश्न मात्र तांत्रिक नाही. इथे तुम्ही फॉन्ट करणाऱ्याच्या जागी बसून बघा. एक चांगला देवनागरी फॉन्ट घडवायला अनेक महिने लागतात. तो बाजारात आला की आठवड्याभरात त्याच्या फुकट प्रती गल्लोगल्ली फिरतात. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्यावर खटला कोण भरणार? त्यामुळे कुलूप आलं. काही पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक मिळायचं. ते काढलं की प्रोग्राम बंद. आणि दुसरं, न दिसणारं कुलूप म्हणजे फॉन्टची स्वतःची मांडणी. ग्राहकाच्या सगळ्या जुन्या फाईली तुमच्या कोडमध्ये असल्या, की तो दुसऱ्याकडे जाणार कसा?

या कंपन्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, पत्रिका त्या काळात निघाल्या त्या त्यांच्याच जोरावर. मोठ्या परदेशी कंपन्यांना देवनागरीत रस यायच्या आधी हे काम त्यांनी केलं. त्यांनी धंदा वाचवायला जे केलं ते त्यांच्या दृष्टीने रास्त होतं. त्याची किंमत मात्र वीस वर्षांनी वाचकाला मोजावी लागली, आणि तो वाचक त्या व्यवहारात कुठेच नव्हता. संशोधनात अशी जागा सापडली की थांबा. ज्याचं नुकसान झालं तो करारात पक्ष नव्हता, तिथे बहुतेक वेळा चांगला संशोधनप्रश्न दडलेला असतो.

कायद्याने या कुलपाला एक फट ठेवली होती. १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये भर घातली. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याने दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढली आणि ती माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल, तर ते उल्लंघन मानलं जाणार नाही. एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेणारे कन्व्हर्टर लिहिणाऱ्यांना या तरतुदीचा आधार घेता आला असता. पण परवान्याच्या करारात बहुधा 'उलट अभियांत्रिकी करू नये' असं बजावलेलं असतं, आणि करार मोठा की कायदा मोठा हे विचारायला वकील लागतो. एकट्यादुकट्या प्रोग्रामरला ती चैन कुठली? तरीही स्वयंसेवकांनी कन्व्हर्टर लिहिले, वाटले, सुधारले. आज जुना मजकूर वाचता येतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

एकच हात, दोन लायसन्स

२०००मध्ये विंडोज २००० आलं आणि युनिकोड देवनागरी थेट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली. तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सरकारी अर्ज मंगलमध्येच भरले असतील. तो घडवला मुंबईचे सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी. कोडचा गोंधळ इथे तत्त्वतः मिटला. मजकूर कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये वाचता येणार होता. पण मंगल मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली होता. ज्याच्याकडे विंडोज नाही त्याने तो उचलून लिनक्सवर टाकावा, अशी परवानगी नव्हती. मजकूर मोकळा झाला, अक्षर अजून कुलपात होतं.

त्याच जोशींनी मुंबईच्या एनसीएसटीमध्येही काम केलं. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे त्यांच्या आरेखनातून तयार झालेला 'रघु मलयालम सान्स' हा फॉन्ट जीपीएल या लायसन्सखाली खुला झाला. जीपीएल म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये आणलेला परवाना. त्याचं सार असं: वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. फक्त बदललेलं वाटताना पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य द्या. ही युक्ती कॉपीराइटच्या विरोधात नाही, कॉपीराइटच्याच बळावर चालते. हक्क माझा आहे म्हणूनच मी ही अट घालू शकते.

जोशी २००८मध्ये गेले. त्यांचा मलयालम फॉन्ट नंतर केरळमधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी सांभाळला, त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. मंगलमध्ये मात्र मायक्रोसॉफ्टशिवाय कोणी काना-मात्रा हलवू शकत नाही. कलाकार तोच. फरक फाईलबरोबर आलेल्या कागदाचा.

देवनागरीसाठीही याच वळणाचं काम झालं. मुंबईच्या इंडिक्ट्रान्स गटाचा 'गार्गी' हा फॉन्ट जीपीएलखाली आला. रेड हॅट कंपनीने २००४मध्ये 'लोहित' ही फॉन्टमालिका जीपीएलखाली खुली केली. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीवरून. पुढे तिच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी या फॉन्टवर बरंच काम केलं.

पण इथे एक पेच आला, आणि तो मला सगळ्या कहाणीत जास्त आवडतो. जीपीएल लिहिला होता प्रोग्रामसाठी. पीडीएफ करताना फॉन्ट त्या फाईलच्या आत बसतो. मग जीपीएल फॉन्ट वापरून केलेलं माझं पुस्तक हे त्या फॉन्टपासून 'बनलेलं' काम झालं का? तसं असेल तर माझं पुस्तकही जीपीएलखाली द्यावं लागेल का? हसू नका, प्रकाशकाचा वकील हे विचारतोच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यावर उपाय म्हणून जीपीएलला जोडायचा 'फॉन्ट अपवाद' सुचवला. पण तो प्रत्येक फॉन्टला मुद्दाम जोडावा लागतो. दुसरीकडे एसआयएल या संस्थेने खास फॉन्टसाठीच ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल, काढलं. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ची. त्यात सरळ लिहिलं आहे की या फॉन्टमध्ये केलेल्या दस्तऐवजाला ही अट लागू नाही. फॉन्ट बदला, वाटा, सॉफ्टवेअरबरोबर विकाही, फक्त नुसता फॉन्ट विकू नका आणि बदललेला फॉन्ट याच लायसन्सखाली ठेवा.

२०११मध्ये लोहित जीपीएलवरून ओएफएलवर गेला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लायसन्स बदलायचं तर हक्क ज्यांचे आहेत त्या सगळ्यांची संमती लागते. हक्क एकाच्या हाती असतील तर निर्णय लवकर होतो. पन्नास जणांनी थोडंथोडं काम केलेलं असेल आणि त्यातल्या तिघांचा पत्ताच नसेल, तर काम तिथेच थांबतं. म्हणून मोठे प्रकल्प पहिल्या दिवसापासून कोणी काय दिलं याची नोंद ठेवतात. तुमच्या प्रयोगवहीसारखंच हे.

आज मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता', 'बलू' असे देवनागरी फॉन्ट ओएफएलखाली मिळतात आणि मराठी संकेतस्थळांवर सर्रास दिसतात. म्हणजे आपल्याकडच्या फॉन्ट घडवणाऱ्यांचा प्रवास पेजमेकरच्या काळातल्या कुलपापासून ओएफएलपर्यंत झाला. सगळ्यांनीच हा रस्ता घेतला असं नाही. पैसे घेऊन विकले जाणारे उत्तम फॉन्ट आजही आहेत आणि असावेत. फरक एवढाच की आता मजकूर युनिकोडमध्ये असतो, त्यामुळे फॉन्टचं दुकान बंद झालं तरी मजकूर उरतो. थोडक्यात, आपण खिळ्यांच्या काळातल्या व्यवहाराजवळ परत आलो.

हे तुमच्या संशोधनाला कुठे लागतं?

लांब जायला नको. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. यंत्र अब्जावधींचं आहे. पण लायगोची माहिती तपासायला वापरलं जाणारं लालसूट किंवा पायसीबीसी हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, आणि निरीक्षणांचा डेटाही ठरलेल्या काळानंतर सर्वांसाठी खुला होतो. म्हणजे सेनगावच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणारी मुलगी आज तोच कोड स्वतःच्या लॅपटॉपवर चालवू शकते. हेच सॉफ्टवेअर कुलूपबंद असतं, तर वेधशाळेपासून इतक्या जवळ राहूनही ती बाहेरच उभी राहिली असती.

आता तुमच्या स्वतःच्या कोडचं. प्रबंधासाठी तुम्ही प्रोग्राम लिहाल तेव्हा हे चार मुद्दे डोक्यात ठेवा.

पहिला, मालकी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार नोकरीच्या करारात, नोकरीचं काम म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक मालक-संस्था असते, वेगळा करार नसेल तर. शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी नोकरदार ठरतो का, हे तुमच्या नेमणुकीच्या पत्रावर आणि संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणावर अवलंबून असतं. प्रवेशाच्या दिवशी सही करून देतो त्या कागदांत हे धोरण असू शकतं. वाचा.

दुसरा, 'मी कोड नेटवर टाकला म्हणजे तो खुला झाला' हा गैरसमज. लायसन्स लिहिलेलं नसेल, तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो कोड वापरायची मुभा मिळत नाही. तुमचा हेतू कितीही उदार असो. एक छोटी लायसन्स फाईल टाकायला दोन मिनिटं लागतात.

तिसरा, दुसऱ्याचा कोड घेताना त्याची अट आपल्यालाही लागते. एमआयटी लायसन्स फारसं काही मागत नाही, नाव आणि सूचना तशीच ठेवा म्हणतं. जीपीएल कोड मिसळून वाटलात, तर पूर्ण कामही जीपीएलखाली द्यावं लागतं. हे शेवटच्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

चौथा, पेटंट. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्राम, अल्गोरिदम, गणिती पद्धत यांना पेटंट मिळत नाही. ही तरतूद २००२च्या दुरुस्तीची. डिसेंबर २००४च्या अध्यादेशाने ती सैल करायचा प्रयत्न झाला होता, २००५मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. 'निव्वळ' या शब्दाचा अर्थ काय, यावर मात्र आजही वाद चालू आहे. म्हणून पेटंटचा विचार असेल तर शोधनिबंध छापण्याआधी संस्थेच्या पेटंट कक्षाशी बोला.

साधन म्हणून लायसन्स कसं वाचायचं?

इतिहासाच्या संशोधनात आपण बखर, पत्र, ताम्रपट वाचतो. सॉफ्टवेअरच्या इतिहासात लायसन्स हाच ताम्रपट. कोणी, कोणाला, काय, किती काळासाठी आणि कोणत्या अटीवर दिलं, हे त्यात असतं. फॉन्टच्या बाबतीत तर हा ताम्रपट फाईलच्या पोटातच असतो. ट्रूटाइप किंवा ओपनटाइप फॉन्टमध्ये नावांचा एक तक्ता असतो. त्यात क्रमांक ०वर कॉपीराइटची ओळ, १३वर लायसन्सचा मजकूर, १४वर लायसन्सचा पत्ता. शिवाय एक छोटा आकडा असतो, तो फॉन्ट पीडीएफमध्ये बसवायची किती मुभा आहे ते सांगतो. ० असेल तर मोकळीक, २ असेल तर मनाई, ४ म्हणजे फक्त बघणं आणि छापणं, ८ म्हणजे संपादनही चालेल. फॉन्टफोर्ज हा मुक्त प्रोग्राम उघडून हे सगळं बघता येतं.

एक जुना फॉन्ट घ्या आणि हे तीन-चार रकाने वहीत उतरवा. मग त्याच फॉन्टची नंतरची आवृत्ती मिळवा आणि तुलना करा. कॉपीराइटच्या ओळीतलं नाव बदललंय का? वर्ष? अट? तुमच्या हातात तेव्हा कोणीच न लिहिलेल्या इतिहासाचं एक पान असेल, आणि ते सिद्ध करायला दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाचा आधार लागणार नाही.

लायसन्सच्या कागदाबाहेरची बाजूही घ्यावी लागते. फॉन्ट घडवणारे आणि तो वापरणारे, दोघंही. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, या प्रत्येक ठिकाणी १९९०च्या दशकात डीटीपी करणारे लोक आहेत. कोणता तुकडा कोणत्या कळीवर होता, लॉक बिघडलं की काय करायचे, एका फॉन्टमधली पत्रिका दुसऱ्यात कशी न्यायचे, हे त्यांच्या बोटांत आहे. ते कुठेही लिहिलेलं नाही. ही माणसं आता पन्नाशीच्या पुढे गेली. विषय शोधत असाल तर हा घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त मुलाखत घेताना त्यांच्या जुन्या सीडी आणि फ्लॉपीही मागून घ्या, आणि मुलाखतीचं लिखाण युनिकोडमध्ये करा.